अण्णांच्या तीन फेऱ्या

सोमवार, १ तारीख. दुपार.

काम मिळालं. म्हणजे ताईने दिलं. पण काम ते काम.

ताईच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, रोज सकाळी कॉलनीच्या पार्कमध्ये न्यायचं आणि ट्रॅकवर तीन फेऱ्या चालवायचं. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून खिडकीत बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्यांना नावं ठेवतात. डॉक्टर म्हणाले, असंच बसून राहिलात तर पाय आखडेल. २९ तारखेला तपासणी. तोवर घरचे तीन मजले लिफ्ट न वापरता स्वतःच्या पायांनी चढता आले पाहिजेत.

आले, तर मागची खोली माझी, आणि भाऊजी त्यांच्या ऑफिसच्या स्टोअरमध्ये माझ्यासाठी शब्द टाकणार. नाही आले, तर माझी रवानगी मोठ्या काकांच्या लाकडाच्या वखारीत. तिथे पहाटे पाचला उठतात आणि काका दर फळीमागे एक म्हण ऐकवतात. मी तिथे पूर्वी अकरा दिवस काढलेत. बारावा निघाला नाही.

ताई म्हणाली, दोन वर्षांत सात नोकऱ्या सोडल्यास, माणूस आहेस की भोवरा. मी म्हणालो, भोवरा एका जागी फिरतो, मी वेगवेगळ्या जागी फिरतो, त्याला अनुभव म्हणतात. भाऊजींनी पेपर खाली न घेता सुस्कारा सोडला.

फ्रिजवर चार्ट चिकटवलाय. तारीख, फेऱ्या, सही. सहीसुद्धा! घरच्या माणसावर एवढा अविश्वास.

संशयास्पद गोष्ट क्रमांक एक: अण्णा लगेच तयार झाले. दोन महिने सगळे विनवण्या करून थकले, हे हलले नाहीत. आज ताई त्यांच्या खोलीत गेली, दार लोटून पाच मिनिटं बोलली, आणि बाहेर येऊन अण्णा म्हणाले, याच्याबरोबर जातो. ती काय बोलली कळलं नाही. मी दाराला कान लावला होता, पण भाऊजींनी नेमका तेव्हाच मिक्सर लावला. भाऊजी एरवी मिक्सरला हात लावत नाहीत.

मंगळवार, २ तारीख. सकाळी ८.४५

पार्क नीट पाहून घेतला. चालायचा ट्रॅक, व्यायामाची यंत्रं, टेबल टेनिसचा हॉल, स्केटिंगची गोल फरशी, बुद्धिबळाचे पट कोरलेली सिमेंटची टेबलं, तळं, तळ्यात पायडलच्या होड्या. सगळं फुकट. फुकट गोष्टीच्या मागे काहीतरी असतंच.

अण्णांची अर्धी फेरी झाली. काठी टेकत दहा पावलं चालतात, थांबतात आणि मला विचारतात. पुढे काय ठरवलंयस? कॉलेज का सोडलंस? एरवी किती वाजता उठतोस? त्या नोकरीत साहेबाशी भांडलास की साहेब तुझ्याशी भांडला? आजारी माणसाने दुसऱ्याची एवढी चौकशी करायचं कारण काय? मी सावध उत्तरं दिली.

अर्ध्या फेरीनंतर ते दमले. बुद्धिबळाच्या टेबलाशी बसवलं आणि जरा यंत्रं बघायला गेलो. फक्त बघायचीच होती. पण एका यंत्राचा नट सैल होता, आणि मी लिफ्ट दुरुस्तीत नऊ दिवस काम केलेलं असल्यामुळे मला सैल नट बघवत नाही. हाताने आवळला. दुसऱ्या बाजूचा सैल झाला. असं करता करता आठ वाजले.

चार्टवर ३ लिहिलं. अर्धी फेरी अण्णांची, अडीच माझ्या. बेरीज तीनच येते.

निश्चय: उद्यापासून तिन्ही अण्णांच्या.

बुधवार, ३ तारीख.

दोन माणसं लक्षात ठेवण्यासारखी.

एक: उलटा. पन्नाशीचा गृहस्थ, ट्रॅकवर रोज उलटा चालतो. पाठ पुढे, तोंड मागे. एकदाही कुणावर आपटत नाही. म्हणजे सवय जुनी आहे. ज्याला आपल्यामागून कोण येतंय हे सतत पाहावं लागतं, त्याने काहीतरी केलेलं असतं.

दोन: लाल टोपी. साठीची बाई. लाल टोपी, गळ्यात घड्याळ, हातात वही. लोकांच्या पायांकडे बघते. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. मग वहीत लिहिते.

मला माणसं ओळखता येतात. कुरिअरमध्ये होतो तेव्हा दारावरची पाटी वाचायच्या आधी मला कळायचं की हा माणूस सही करणार नाही.

फेऱ्या: पाव. (चार्टवर ३. या आठवड्यात सरासरी भरून काढू.)

गुरुवार, ४ तारीख. सकाळी ९

आज अण्णा म्हणाले, कंटाळा आलाय, तू जाऊन ये. वाटेत जुन्या सायकलींच्या दुकानापाशी थांबलो. दुकानदार सांगत होता की ब्रेकचं रबर ओलं करून कसं बसवायचं. फार उपयोगी माहिती. माझ्याकडे सायकल नाही.

घरी येऊन चार्टवर ३ लिहिलं. एका दिवसाचा खंड पाहून ताईला उगाच वाईट वाटायला नको.

सकाळी ११

ताई चार्टसमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, आजही तीन? मी म्हणालो, आज तर जोरात झाल्या, अण्णा थांबायलाच तयार नव्हते. ती म्हणाली, छान. मग म्हणाली, पार्क दर गुरुवारी साफसफाईसाठी बंद असतो ना रे? मी म्हणालो, आम्ही बाहेरून मारल्या. ती म्हणाली, छान.

दोनदा छान. नंतर बाल्कनीत जाऊन कुणाला तरी फोन केला. मी गेल्यावर हवापाण्याबद्दल बोलायला लागली.

शुक्रवार, ५ तारीख.

लाल टोपी अण्णांच्या टेबलाशी बसली होती! मी यंत्रांकडून परत आलो तर समोरासमोर. मला पाहून वही मिटली. अण्णा म्हणाले, या आपल्या ओळखीच्या निघाल्या. मी विचारलं, कोणत्या ओळखीच्या. अण्णा म्हणाले, अशाच.

अशाच ओळखी आपोआप निघत नाहीत. घरी परतताना मी अण्णांना समजावलं की या वयात माणूस पटकन विश्वास ठेवतो. अण्णा म्हणाले, आणि तुझ्या वयात? मी म्हणालो, मी कुणावरच ठेवत नाही. ते म्हणाले, ते दिसतंय, म्हणून तर कुठे टिकत नाहीस. विषय बदलण्यात पटाईत माणूस.

सोमवार, ८ तारीख.

आज मोठा प्रकार झाला. चूक माझी नव्हती.

सकाळी पावणेसातला टेबल टेनिस हॉलच्या पायरीवर सहा बेवारस वस्तू. एक चप्पल (डावी). एक थर्मास. एक छत्री. चष्म्याचं रिकामं घर. एक मोजा. दोरीने बांधलेली वीट. सगळ्या एका रेषेत. आसपास माणूस नाही.

साधा माणूस पुढे निघून गेला असता. मी सगळं गोळा करून गेटवरच्या शिट्टीवाल्याच्या केबिनमध्ये जमा केलं. शिट्टीवाला म्हणजे पार्कचा राखणदार. तो वस्तूंकडे बघून कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात सहा जण धावत आले. त्यांतला एक एका पायात चप्पल घातलेला.

कळलं ते असं: हॉल साडेसातला उघडतो. तोवर जो येतो, तो आपली एक वस्तू पायरीवर ठेवतो आणि फिरायला जातो. वस्तू म्हणजे नंबर. ती रांग होती आणि मी ती उचलून आणली. आता आधी कोण यावरून सहा जणांचं भांडण लागलं. विटेचा मालक म्हणाला, मी अकरा वर्षं पहिला आहे. चपलेचा म्हणाला, वीट आदल्या रात्रीच ठेवून जाता तुम्ही, ही काय रीत झाली. शिट्टीवाला मला म्हणाला, दादा, तुम्ही फक्त झाडं बघत जा.

माझं मत: रांगेत माणसं उभी असावीत. वस्तूंवर विसंबणारे लोक काहीतरी लपवतात.

भांडण ऐकण्यात आठ वाजले. परत आलो तर अण्णा बाकावर, लाल टोपी जवळच. चार्ट: ३.

बुधवार, १० तारीख.

नवी आणि गंभीर बाब. अण्णा घामाघूम.

मी त्यांना पावणेसातला बाकावर बसवलं. साडेसातला आलो, तर ते त्याच बाकावर, पण शर्ट ओला, श्वास जोरात, गाल लाल. बसून माणसाला घाम कसा येतो? विचारलं तर म्हणाले, ऊन. ढग होते.

ताप? की भीती? ती बाई त्यांना एवढं काय सांगते?

निश्चय: उद्यापासून अण्णांना नजरेआड करायचं नाही.

शुक्रवार, १२ तारीख.

झाडामागे उभं राहून पाळत ठेवली. दहा मिनिटं ते दोघं बाकावर नुसते बोलत होते. अण्णा बसल्या बसल्या पाय सरळ करत होते, खाली घेत होते, सरळ करत होते. बाई मोजत होती. काय मोजत होती? एवढ्यात पलीकडे स्केटिंगच्या फरशीवर एक जण तीन चाकं निघालेल्या बुटाने गोल फिरताना दिसला. चौथ्या चाकावर माणूस कसा फिरतो हे बघायलाच हवं होतं. तो फिरत नव्हता, पडत होता. पण शैलीत.

परत झाडामागे आलो तोवर बाक रिकामं. पुन्हा स्केटिंग बघून आलो तर दोघं बाकावर हजर. म्हणजे मधल्या काळात कुठेतरी जातात आणि येतात. अण्णांना दहा पावलं जमत नाहीत, तेव्हा लांब जात नसणार. केबिनमागेच जात असतील.

ताईला सांगावं का? नको. पुरावा गोळा झाल्यावर एकदमच.

मंगळवार, १६ तारीख.

पुरावा मिळाला.

लाल टोपीने अण्णांना एक पार्सल दिलं. अण्णांनी ते स्वेटरखाली लपवून घरी आणलं. दुपारी ते झोपल्यावर मी बघितलं. उघडलं नाही, फक्त कागद बाजूला केला. पांढरे कॅन्व्हासचे बूट. पळायचे.

ज्याला दहा पावलं जमत नाहीत त्याला पळायचे बूट कशाला? एकच उत्तर. पळून जायचंय.

आता सगळं जुळतंय. लपूनछपून भेटी, गाल लाल, घाम, श्वास. अण्णा लग्न करणार!

माझी त्याला हरकत नाही. मी मोकळ्या विचारांचा माणूस आहे. पण लग्न झालं तर दोघांना खोली लागेल. घरात जादा खोली एकच. मागची.

गुरुवार, १८ तारीख.

पार्क बंद. ताईशी बोललो. फार हळुवारपणे. म्हणालो, ताई, मन घट्ट कर, तुला या वयात सासू मिळणार आहे.

ताईने सगळं ऐकून घेतलं. बूट, वही, घाम. मग पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली. तिचे खांदे हलत होते. रडत असावी. भाऊजी तिची समजूत घालायला आत गेले, त्यांचेही खांदे हलायला लागले. बिचारे. आईच्या आठवणीने.

बाहेर येऊन ताई म्हणाली, तू लक्ष ठेव बरं का, तुझ्याशिवाय आमचं कोण आहे. डोळे पुसले. तिने प्रथमच माझी जबाबदारी मान्य केली.

शनिवार, २० तारीख.

मीच थेट अण्णांना विचारलं, तुमचा पुढचा विचार काय? म्हणाले, पाच. मी विचारलं, पाच काय? म्हणाले, सध्या चार होतात, २९ च्या आत पाच करायच्यात.

पाच काय ते सांगत नाहीत. पाच माणसांच्या सह्या? साक्षीदार लागतात म्हणा. पण चार झालेसुद्धा?

मग उलट मलाच विचारलं, की या महिन्यात तू एक तरी काम शेवटपर्यंत केलंस का. मी म्हणालो, चालू आहे. ते म्हणाले, कोणतं? मी म्हणालो, सांगता येत नाही, गुप्त आहे. त्यांनी असा चेहरा केला, जसा पेपरातलं कोडं सुटलं नाही की करतात.

सोमवार, २२ तारीख.

आज पाण्यावरून पाळत. होडीत बसून, तोंडापुढे पेपर. अशी कल्पना व्यावसायिक माणसालाच सुचते.

तळ्याच्या मधोमध गेल्यावर हँडल एका बाजूला अडकलं. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. तरी मी पाळत सोडली नाही. दर गिरकीला बाक एकदा समोर येत होतं. पहिली गिरकी: दोघं बाकावर. दुसरी: अण्णा उभे. काठी टेकलेली नाही. तिसरी: बाक रिकामं. चौथी ते सोळावी: बाक रिकामं. सतरावी: पेपर पाण्यात पडला. विसावी: अण्णा बाकावर, टोपीवालीने दिलेलं पाणी पिताना.

काठीशिवाय उभे होते हे बहुतेक मला गरगरल्यामुळे दिसलं असावं. नोंद पक्की धरत नाही.

शिट्टीवाल्याने बांबूने ओढून मला काठाला आणलं. म्हणाला, दादा, आठ दिवस झाले मी एवढंच विचारीन म्हणतोय, तुम्ही इथे नक्की कशासाठी येता? मी म्हणालो, एका वयस्क माणसाला फिरवायला. तो काठावरच बसला आणि बांबूला धरून हसायला लागला. हा माणूसही त्यांच्यात सामील आहे.

चार्ट: ३. (गिरक्या धरल्या तर वीस.)

गुरुवार, २५ तारीख. सकाळी ७.५०

या आठवड्यात साफसफाई बुधवारी झाली, म्हणून पार्क आज उघडा आहे. जे घडलं ते क्रमाने लिहितो. पुढे जबाब द्यावा लागेल.

६.४० अण्णांना बाकावर बसवलं.
६.४५ यंत्राचा नट पुन्हा सैल झालाय का ते बघायला गेलो. झालेला.
७.०५ परत. बाक रिकामं. लाल टोपी नाही.
७.०७ टेबल टेनिस हॉलची पायरी. वीट, चप्पल, थर्मास, आणि चौथ्या नंबरवर अण्णांची काठी.

अण्णांची काठी! मुठीला निळी चिकटपट्टी, मीच लावलेली. क्षणभर वाटलं, रांग असेल. पण चप्पल ठेवून माणूस एका पायाने जाऊ शकतो. काठी ठेवून अण्णा कुठे जाणार? काठी जिथे आहे तिथून दहा पावलांच्या पलीकडे अण्णा असू शकत नाहीत. दहा पावलं मी स्वतः मोजून बघितली. एका दिशेला भिंत, दुसऱ्या दिशेला तळं.

पुरावा म्हणून काठी ताब्यात घेतली. शिट्टीवाल्याच्या गळ्यातली शिट्टी ओढून जोरात वाजवली. इथे एक लांब शिट्टी म्हणजे पार्क बंद, हे मला माहीत नव्हतं. सगळे गेटकडे निघाले. मी गेट लावून घेतलं आणि म्हणालो, अण्णा सापडेपर्यंत कुणीही बाहेर जायचं नाही. ताईला फोन केला, अण्णा नाहीसे झालेत, काठी सापडलीय, तळ्यात शोध चालू आहे. शिट्टीवाला खरोखर बांबू घेऊन पाण्यात उतरला होता, कमरेपर्यंत. आता तो हसत नव्हता.

बारा मिनिटांत भाऊजी आले. अर्ध्या गालावर दाढीचा फेस. ताई अनवाणी. तिचा चेहरा पाहून मला प्रथमच वाटलं की मी फार मोठ्या भानगडीत आहे. तिने एकच विचारलं, शेवटचं कधी बघितलंस? मी म्हणालो, सहा चाळीसला. ती म्हणाली, आणि नंतर? नंतर नट.

गर्दीत उलटा होता. मी त्याच्याकडे बोट करून म्हणालो, आधी याची चौकशी करा, हा पहिल्या दिवसापासून मागे बघत चालतोय. उलटा शांतपणे म्हणाला, अहो, मी त्यांच्यापुढेच चालतो की रोज, माझं तोंड त्यांच्याकडेच असतं. मीही गुडघ्याचाच पेशंट, उलट चालल्याने आराम पडतो. घाबरू नका वहिनी, त्यांची पाचवी फेरी चालू आहे, आत्ता वळणावर दिसतील.

दिसले. पांढऱ्या बुटांत. झपझप. शेजारी लाल टोपी, गळ्यातलं घड्याळ हातात धरून. पन्नास माणसांनी रस्ता दिला. अण्णा थांबले नाहीत, थेट हॉलच्या पायरीपर्यंत गेले, रांगेकडे बघितलं आणि ओरडले, माझी काठी कुणी उचलली? चौथा नंबर होता माझा!

काठी माझ्या हातात होती.

दुपारी २

टोपीवाली बाई चहाला आली होती. ती इस्पितळात तीस वर्षं पेशंटना व्यायाम शिकवत होती. ताईच्या मैत्रिणीची आई. ताईने ४ तारखेलाच तिला फोन केला होता. त्या बाहेरून मारलेल्या फेऱ्यांनंतर.

ताईने तिची वही माझ्यापुढे ठेवली. उतरवून घेतो, म्हणजे पुढे कुणी फेरफार केला तर कळेल.

५ तारीख: एक फेरी. मुलगा यंत्रावर.
८: दीड. मुलगा लोकांच्या चपला गोळा करतोय.
१२: अडीच. मुलगा झाडामागे. त्याला वाटतं दिसत नाही.
१९: चार. मुलगा कुत्र्याला पत्ता विचारत असावा, लांबून कळलं नाही.
२२: चार, काठीशिवाय. मुलगा होडीत. उतरता येत नसावं.

(१९ तारखेचं चूक आहे. मी कुत्र्याच्या मालकाला पत्ता विचारत होतो. वहीवर कितपत विश्वास ठेवायचा याचा हा नमुना.)

मी ताईला विचारलं, सगळं माहीत होतं तर मला रोज पाठवलंसच का? ती म्हणाली, तुझ्याशिवाय अण्णा घराबाहेर पडत नव्हते. का, ते विचारलं तर म्हणाली, त्यांनाच विचार. नाही विचारलं. उत्तर माझ्या बाजूचं असेल तर ते आपणहून सांगतीलच.

सोमवार, २९ तारीख. संध्याकाळी ५

डॉक्टर म्हणाले, उत्तम. वीस वर्षांत असा गुडघा बघितला नाही.

घरी आल्यावर जिना. मी मागून खुर्ची घेऊन चढत होतो. मधे त्यांना चक्कर आली तर चटकन बसवता यावं. पहिल्या मजल्यावर ते पुढे होते. दुसऱ्यावर दिसेनासे झाले. मी खुर्ची खाली ठेवून त्यावर जरा बसलो. वरून अण्णांचा आवाज आला, येतोस की खाली येऊ घ्यायला?

चहा झाल्यावर भाऊजी म्हणाले, काकांना फोन केलाय, उद्याच्या बसने निघ. मी शांतपणे मुद्दा मांडला. अट काय होती? अण्णा तीन मजले चढले तर खोली माझी. अण्णा चढले का? चढले. कुणी चढवलं, हे अटीत नव्हतं. भाऊजींनी पेपरची घडी घातली. शेवटी म्हणाले, ठीक आहे, अण्णा सांगतील ते.

मी निश्चिंत होतो. महिनाभर मी त्यांना फुलासारखं जपलं. अण्णांनी चष्मा पुसला आणि ताईकडे वळून म्हणाले, सूनबाई, मला माफ कर.

मला वाटलं, लग्नाचंच काढतात की काय.

म्हणाले, पहिल्या तारखेला तू दार लावून मला सांगितलंस, अण्णा, पोरगं वाया चाललंय, कुणाचं ऐकत नाही, रोज सकाळी याला बाहेर काढा, चार शब्द सांगा, एका जागी टिकायची सवय लावा. तू म्हणालीस म्हणून मी हा दुखरा पाय घेऊन निघालो. याला दहा पावलांना एक प्रश्न विचारला. याच्यासमोर रोज एक काम शेवटपर्यंत करून दाखवलं. पण हा बघायला जागेवर थांबेल तर ना. माझ्या गुडघ्याचं झालं, याचं काही जमलं नाही. तू एवढं एकच काम सांगितलं होतंस, तेही माझ्याकडून झालं नाही.

त्यांचा आवाज खरंच बारीक झाला होता. ताई म्हणाली, असू दे हो अण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भाऊजी म्हणाले, तुम्ही प्रयत्न केलात की. सगळे त्यांची समजूत घालायला लागले.

मग मीही म्हणालो, असू दे अण्णा. दुसरं काय बोलणार.

मंगळवार, ३० तारीख. सकाळी १०.२०, बसमध्ये.

अण्णा म्हणाले, सोडायला येतो. भाऊजी म्हणाले, रिक्षा करा. अण्णा म्हणाले, चालत जाऊ, तेवढंच.

स्टँड दोन किलोमीटर. माझी बॅग त्यांनी घेतली. मी नको म्हणालो, पण एकदाच. वाटेत दोनदा ते पुढे गेले आणि कोपऱ्यावर माझी वाट बघत थांबले. रस्ता ओलांडताना माझा दंड धरला. फुलांच्या दुकानापाशी मी जरा रेंगाळलो तर म्हणाले, चल, अजून शंभर पावलं, मग बस बाकावर. मोजत होते. मीही मोजायला लागलो. अठ्ठ्याण्णव भरली.

बसमध्ये चढवलं, बॅग वर ठेवली, खिडकीजवळ बसवलं. मग खाली उतरून कंडक्टरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. खिडकीची काच लागलेली होती, ऐकू आलं नाही. कंडक्टरने मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं.

बस सुटेपर्यंत ते थांबले नाहीत. हॉल अकराला दुसऱ्यांदा उघडतो, नंबर लावायचा होता.

१०.५५

कंडक्टर मघापासून माझ्यावर नजर ठेवून आहे. पुढे बघून तिकीट फाडतो आणि आरशातून माझ्याकडे बघतो. काय समजतो मला?

११.१०

बस एका मोठ्या चौकात थांबली. डावीकडे एक मैदान, तिथे लोक कसलंसं प्रचंड शिडासारखं कापड उभं करत होते आणि ते दर वेळी त्यांच्याच अंगावर पडत होतं. दोरी चुकीच्या बाजूला बांधली होती, इथूनही दिसत होतं. पाचच मिनिटं लागली असती, पुढची बस धरली असती. उठलो.

कंडक्टर दारात येऊन आडवा उभा राहिला. म्हणाला, बसा दादा, आजोबांना शब्द दिलाय.

बसलो.